पंखा जरा कमी कर!

पंखा शोधून काढणाऱ्याने मानवजातीवर मोठे उपकार केले, याबद्दल वाद नाही. पण त्या पंख्याला रेग्युलेटर जोडणाऱ्या गृहस्थाने घराघरांत कायमचं भांडण लावून दिलं, असं माझं नम्र मत आहे. नुसता पंखा असता तर तो लावायचा की बंद ठेवायचा, एवढे दोनच पक्ष झाले असते. रेग्युलेटर आला आणि पाच पक्ष झाले. एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या दोन भावांपैकी थोरल्याला पंखा पाचावर असल्याशिवाय डोळा लागत नाही आणि धाकट्याचे गुडघे दोनावरच धरतात. लग्न जमवताना आपण छत्तीस गुण पाहतो, नाड पाहतो, मंगळ पाहतो. पण मुलगा पंख्याच्या कितव्या आकड्यावर झोपतो हे विचारायचं राहूनच जातं. मग पुढली चाळीस वर्षं रोज रात्री एकच संवाद. ‘अहो, पंखा जरा कमी करा.’ ‘आत्ताच तर वाढवला!’ ‘म्हणूनच म्हणते.’

जुन्या घरांतले ते काळे, जाडजूड रेग्युलेटर आठवून पाहा. पंखा एकावर आणला की वारा कमी व्हायचा, पण रेग्युलेटर तापायचा. त्याच्या पोटात विजेला अडवणाऱ्या तारांची वेटोळी असायची. पंख्याची अडवलेली वीज तिथेच उष्णता होऊन बसायची. म्हणजे पंखा हळू झाला तरी बिल काही त्या मानाने हळू होत नसे. भांडणातला एक पक्ष गप्प बसला की त्याचा राग दुसरीकडे कुठेतरी साठत जातो, तसलाच हा प्रकार.

एवढं रामायण सांगायचं कारण म्हणजे हेच भांडण आता कॉम्प्युटरच्या पोटात शिरलं आहे.

आपल्याकडे टेबलाखालच्या त्या अख्ख्या खोक्यालाच सीपीयू म्हणायची पद्धत आहे. वास्तविक सीपीयू म्हणजे प्रोसेसर हा त्या खोक्यातला बिस्किटाएवढा एक चौकोन, आणि त्याच्याही पोटातला खरोखर काम करणारा सिलिकॉनचा तुकडा जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढा. बाकीचं खोकं म्हणजे त्याचा संसार. पण हा नखाएवढा तुकडा भरात आला की १०० वॅटहून जास्त वीज खातो. जुन्या पिवळ्या १०० वॅटच्या दिव्याला ज्यांनी एकदा चुकून हात लावला असेल, त्यांना या आकड्याची ओळख करून द्यायला नको. आता शेजारी विजेची शेगडी ठेवा. तिचे वॅट हजार. पण ती वीतभर रुंद. जागेच्या मानाने हिशेब केला तर त्या नखाएवढ्या तुकड्यावर शेगडीच्या दसपटीहून अधिक उष्णता एकवटलेली असते. आणि त्याने खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते. तुम्ही त्याच्यावर ताळेबंद मांडा, प्रेमपत्र लिहा नाहीतर एकट्याने पत्ते खेळा. शंभर वॅटचा प्रोसेसर म्हणजे शंभर वॅटची शेगडीच. फरक एवढाच, की ही शेगडी तापता तापता आपले हिशेब करून देते.

यंत्राचं डोकं तापणं हे काही आजचं नाही. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला ‘एनिअ‍ॅक’ नावाचा संगणक जगापुढे आला. त्यात सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि तो दीडशे किलोवॅटच्या घरात वीज खायचा. त्याला गार ठेवायला हवा फेकणारी मोठाली यंत्रं लागत. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ सुरू झाला, त्यातही ट्यूबच होत्या. या ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हची भावंडं. ज्यांच्या घरचं मांजर थंडीत रेडिओवर जाऊन बसायचं, त्यांना कल्पना यावी. पुढे घरगुती कॉम्प्युटर आले आणि मध्यंतरी बरी शांतता होती. १९८९ साली निघालेले सुरुवातीचे ८०४८६ प्रोसेसर पंख्याशिवाय निभावून न्यायचे. १९९३ साली पेंटियम आला आणि प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसवणं हळूहळू रीतच होऊन गेली.

पंखा नकोच, आवाजच नको, असं म्हणणारेही झाले. १९८० साली अ‍ॅपल कंपनीने आपला तिसरा कॉम्प्युटर काढला, तेव्हा त्यात पंखा घालायचा नाही असा स्टीव्ह जॉब्ज यांचा हट्ट होता. आतले भाग तापून जागेवरून हलायला लागले आणि मग ग्राहकांना सल्ला देण्यात आला, की यंत्र थोडं उचला आणि टेबलावर सोडून द्या, म्हणजे ते भाग पुन्हा खाली बसतील! आपण रेडिओला थापट मारून विविध भारती लावायचो, त्यात काही अडाणीपणा नव्हता हे त्या दिवशी अमेरिकेने सिद्ध केलं.

आता आमच्या घरचं. आम्ही नागपूरचे. नागपूरकराला उष्णतेबद्दल काही सांगायला जाऊ नये. तो मे महिन्यात ४४ अंशांना ‘आज जरा बरं आहे’ म्हणतो. उन्हाळ्यात आमचं सगळं घर एकाच खोलीत राहतं, कारण कूलर एकच. चाळीस वर्षांपूर्वीचा पत्र्याचा देह, दरवर्षी नव्या ताट्या, दर दोन वर्षांनी नवा पंप, आणि रात्री साडेदहाला ‘टाकीत पाणी टाकलं का?’ हा प्रश्न. तर या एका खोलीत २०२४ सालच्या नवतप्यात तिघांची वस्ती होती : कूलर, आमच्या चिरंजीवांचा कॉम्प्युटर आणि माझी आई. आई ८४ वर्षांची. नुकतीच दवाखान्यातून घरी आलेली. डॉक्टरांनी औषधं पाच लिहून दिली आणि सहावं तोंडी सांगितलं : ‘आजींना रात्री झोप लागली पाहिजे.’

चिरंजीवांनी चार महिन्यांपूर्वी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं होतं. बांधायच्या आधीच इमारत कशी दिसेल याची हलती चित्रं करून देण्याचं काम. म्हणजे गिऱ्हाईक जिन्यावरून चढतंय, गच्चीवरून मावळता सूर्य बघतंय, आणि प्रत्यक्षात तिथे अजून म्हशी चरताहेत. पहिलंच मोठं काम मिळालं होतं. तीन मिनिटांचा चित्रपट. ऐकायला तीन मिनिटं. पण सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे ४,५०० चित्रं झाली. एका चित्राला यंत्राला २५ सेकंद लागतात, म्हणजे सव्वाएकतीस तास. दिवसा त्याच यंत्रावर आखणी चालायची, म्हणून ही चित्रं काढायचं काम रात्री साडेनऊ ते सकाळी सहा. चार रात्रींत संपायला हवं. पाचव्या दिवशी काम पोचलं नाही तर उरलेले पैसे विसरायचे, आणि त्यापेक्षाही वाईट म्हणजे मी ‘नोकरी बरी होती’ हे वाक्य बोलणार, याची त्याला खात्री होती.

पहिल्या रात्री प्रोसेसर १०० अंशांवर गेला. आता हल्लीचे प्रोसेसर शहाणे असतात. फार तापलं की ते जळून जात नाहीत, आपला वेग आपणच कमी करतात. मे महिन्यात दुपारी सरकारी कचेरीत गेलेल्या माणसाला ही क्रिया समजावून सांगायला नको. एका चित्राला २५ च्या जागी ४० सेकंद लागायला लागले. सव्वाएकतीसचे झाले ५० तास. चार रात्रींच्या झाल्या सहा. आणि एवढं करून पंखा पूर्ण वेगाने कोकलत होता तो निराळाच. आई अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, ‘विमान आलं का रे आपल्याकडे?’

दुसऱ्या दिवशी घरात तज्ज्ञांची सभा भरली. शेजारचे काका म्हणाले, ‘मी काय म्हणतो भाऊ, कूलरसमोर ठेवून द्या ना त्याले! माणूस गार होते तर मशीन नाही होणार का?’ कूलरच्या वाऱ्याबरोबर पाण्याचे तुषारही येतात आणि विजेच्या यंत्राला सचैल स्नान चालत नाही, हे त्यांना पटवताना दोन चहा झाले. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं, आधी तो पुसा. या घरात पुसल्याने न सुटलेला एकही प्रश्न नाही. चिरंजीवांच्या पुण्याच्या मित्राने आपल्या कॉम्प्युटरच्या पंख्याचं सगळं वेळापत्रकच पाठवून दिलं : ‘हेच घाल, माझा अजिबात आवाज करत नाही.’

या वेळापत्रकाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. प्रोसेसरच्या पंख्याला रेग्युलेटरची खुंटी नसते. त्याला असतो आलेख. अमुक तापमानाला अमुक टक्के वेग, असे चार-पाच ठिपके जोडून काढलेली रेघ. पंख्याला वायरी चार. दोन विजेच्या. तिसरीतून पंखा आपण किती फिरलो हे कळवतो, प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके. चौथीतून त्याला हुकूम येतो. हा हुकूमही मोठा नामी आहे. वीज अडवून तापवत बसायची नाही, तर सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा ‘चालू-बंद, चालू-बंद’ अशी खूण करायची. चालूचा वाटा जास्त तर पंखा जोरात, बंदचा वाटा जास्त तर हळू. २५ हजार एवढ्यासाठी, की माणसाच्या कानाला २० हजारांच्या पुढचं ऐकू येत नाही. घरात काही कटकटी ऐकू येण्याच्या पलीकडे चालतात, म्हणून संसार टिकतात, तसंच हे.

पण पुण्याचा आलेख नागपूरला चालत नाही. यात प्रांताभिमान नाही, पदार्थविज्ञान आहे. पंखा हवा गार करत नाही. असलेली हवा नुसती हलवतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा किती अंश वर राहील, एवढंच पंख्याच्या हातात असतं. समजा तो हवेपेक्षा ५५ अंश वर राहतो. खोलीत २५ असतील तर ८०, खोलीत ४० असतील तर ९५. पुणेरी आलेखात ‘६० अंशांपर्यंत पंखा जवळजवळ बंद’ असं लिहिलं होतं. आमच्या घरी ६० अंश ही काम करणाऱ्या यंत्राने फक्त डिसेंबरात पाहायची गोष्ट.

शेवटी खोकं उघडलं. मी बॅटरी धरून उभा. पूर्वी माझे वडील फ्यूज बांधायचे तेव्हाही मीच बॅटरी धरायचो. पिढी बदलली, बॅटरी माझ्याच हातात राहिली. प्रोसेसरच्या डोक्यावर धातूच्या पातळ पात्यांचा गठ्ठा असतो. उष्णता त्यात चढते आणि पंखा तिला पात्यांमधून फुंकून काढतो. इथे पात्यांच्या मधे धुळीचं चांगलं मऊ पांघरूण तयार झालं होतं. बायको काहीच बोलली नाही, नुसतं फडकं पुढे केलं. त्या न बोलण्याला डेसिबलमध्ये मोजायची सोय नाही. (चिरंजीवांनी फडकं नाकारून ब्रश घेतला आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवत धूळ झाडली, हेही नोंदवायला हवं.) प्रोसेसर आणि गठ्ठा यांच्यामध्ये एक राखाडी लेप असतो, दोघांमधल्या बारीक फटी बुजवून उष्णतेला वाट करून देणारा. तो वाळून खडू झाला होता. बर्डीवरून नवी ट्यूब आणली. वाटाण्याएवढा लेप, जास्त नाही. मध्यस्थ हा फटी बुजवण्यापुरताच असावा, जाड झाला की तोच अडसर होतो. लग्नं जमवणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं.

त्या रात्री यंत्र ९० वर आलं, वेग परत मिळाला. पण आवाज होताच. मधेच त्याच आठवड्यात, ३० मेला, नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले आणि नंतर मोजणाऱ्या उपकरणातच बिघाड असल्याचं निघालं. लगेच काका येऊन विचारून गेले, ‘तुमच्या मशीनचा आकडा तरी खरा कशावरून?’ प्रश्न रास्त होता. पण आमच्या यंत्राचा साक्षीदार होता. एका चित्राला ४० सेकंद लागत होते, ते आता २५ झाले होते. आकड्यावर विश्वास नसला तर काम बघावं.

आता प्रश्न फक्त आवाजाचा. चिरंजीवांनी आलेख असा आखला, की ७५ पर्यंत पंखा अगदी हळू आणि त्यापुढे एकदम जोरात. हेतू चांगला, आजीला जास्तीत जास्त शांतता मिळावी हा. पण प्रोसेसरचं तापमान एका सेकंदात दहा अंश वरखाली होतं. त्यामुळे पंखा वीस सेकंद गप्प, मग एकदम गर्जना, पुन्हा गप्प. आई रात्री दोनदा उठली. मी तिला म्हटलं, ‘आई, अगं तो कूलर याच्या दसपट खडखडतो, त्याने तुला काही होत नाही?’ तेव्हा ती जे म्हणाली, ते मी आजवर वाचलेल्या कुठल्याही तांत्रिक माहितीपत्रकापेक्षा मोलाचं आहे. ती म्हणाली, ‘कूलर एका सुरात असतो रे बाबा. हा गप्प बसतो आणि मधूनच अंगावर येतो. तुझे वडील असेच होते.’

चिरंजीव पाच मिनिटं आजीकडे बघत राहिले आणि मग त्यांनी सगळा आलेख पुसून नवा काढला. पंखा सुरुवातीपासूनच ६५ टक्क्यांवर, जवळजवळ सपाट रेघ. तापमान वाढलं तरी काही सेकंद थांबून मगच वेग वाढवायचा, आणि एकदा वाढवला की तापमान सात अंश खाली उतरल्याशिवाय कमी करायचा नाही. पंख्याचा स्वभाव असा, की वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो आणि त्याची विजेची भूक तर आठवा हिस्साच उरते. शेवटच्या वीस टक्के वेगातच आवाजाचा मोठा वाटा असतो आणि तापमान मात्र चार-दोन अंशच उतरतं. तेवढ्यासाठी एवढा आरडाओरडा परवडत नाही.

उरलेली तडजोड प्रोसेसरकडून करून घेतली. तो भरात १२५ वॅट खायचा, त्याला ९० ची मर्यादा घातली. वेग कमी केला की त्याला लागणारा विजेचा दाबही उतरतो, म्हणून उष्णता वेगापेक्षा बरीच जास्त घटते. एका चित्राला २५ ऐवजी २७ सेकंद. म्हणजे पावणेचौतीस तास, आणि चार रात्री साडेनऊ ते सहा म्हणजे ३४. पंधरा मिनिटं शिल्लक! पहिल्या दोन-तीन रात्रींची निम्मी चित्रं जुन्या प्रकाशयोजनेची होती, म्हणून मुदतीला चार दिवस वाढवून मागून त्याने सगळं नव्याने सुरू केलं. पहिल्या रात्री तापमान ८१, आवाज एका सुरात, आई घोरत होती. तो आवाज आलेखात बसत नव्हता, पण तो कमी कर असं कुणीच म्हणालं नाही.

चौथ्या दिवशी पहाटे पावणेसहाला शेवटचं चित्र निघालं आणि पंखा मंदावला. त्याबरोबर आई जागी झाली. मला वाटलं, शांततेने झोप मोडली. ती म्हणाली, ‘का रे, बंद का पडलं? पोराचं काम झालं का?’ मग कळलं, की रात्री कधी जाग आली की ती तो आवाज ऐकायची. चालू आहे म्हणजे नातवाचं चाललं आहे, असं समजून पुन्हा झोपायची. आम्ही चार दिवस ज्या आवाजाचा बंदोबस्त करत होतो, त्याच्यावर कान ठेवून ती निर्धास्त होती. फक्त तो दचकवणारा नको, एवढंच तिचं मागणं होतं.

मला तर आता वाटतं, की डोकं पार तापल्यावर पंखा फुल्ल करणाऱ्यांचीच या जगात गर्दी आहे. तापायच्या आधीपासून मंद वारा चालू ठेवणारी माणसं घरात एखादीच असतात, आणि त्यांचा आवाज इतका सवयीचा झालेला असतो की तो थांबल्यावरच ऐकू येतो.

दहा वाजता गिऱ्हाइकाचा फोन आला. चित्रपट फार आवडला. फक्त गच्चीवर मावळत्या सूर्याऐवजी उगवता सूर्य हवा. म्हणजे गच्चीची सगळी चित्रं पुन्हा. यंत्र त्या वेळी निवांत ४२ अंशांवर होतं; चिरंजीवांचा आकडा मोजायची सोय नव्हती, पण कान लाल झाले होते. तो उलट फोन लावणार, इतक्यात आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘आधी माठातलं पाणी पी. मग बोल त्याच्याशी.’